प्रस्तावना : नमुन्यापासून अहवालापर्यंत

मे २०२० मध्ये बीड जिल्ह्यातील ३९६ प्रौढ माणसांचे रक्त तपासणीसाठी घेतले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आपण सगळे जिला आयसीएमआर म्हणून ओळखतो त्या संस्थेने, कोरोनाचा फैलाव किती झाला आहे हे पाहण्यासाठी देशातले ७० जिल्हे निवडले होते. त्यात महाराष्ट्रातले सहा होते : बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचे अहमदनगर. बीडच्या ३९६ जणांपैकी चौघांच्या रक्तात या नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. सहाही जिल्ह्यांचा मिळून हिशेब २३८५ नमुने आणि २७ पॉझिटिव्ह असा होता, म्हणजे शेकडा १.१३.

हे सर्वेक्षण सुरू झाले तेव्हा बीड जिल्ह्यात नोंदलेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. एप्रिलमध्ये आष्टी तालुक्यातला एक रुग्ण, मग मेच्या मध्यापर्यंत जवळजवळ शांतता. मग शंभरात एक हे प्रमाण आले कुठून? जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार. त्यातल्या प्रौढांच्या एक टक्का धरले तरी आकडा हजारोंत जातो. एवढी माणसे कोणाच्या लक्षात न येता आजारी पडून बरीही झाली, असा त्याचा एक अर्थ लागतो. दुसरा अर्थ चाचणीच्या स्वभावातून निघतो. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात एखादी चाचणी शंभरात ९९ वेळा बरोबर येते, असे समजू. ही चाचणी उत्तमच म्हणायची. पण जिथे शंभरात एकालाच संसर्ग होऊन गेला आहे, अशा जिल्ह्यात ३९६ जणांवर ती केली तर खरे पॉझिटिव्ह सुमारे चार येतील आणि चुकून पॉझिटिव्ह ठरणारेही सुमारे चारच येतील. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला संसर्ग खरोखर झाला होता की नाही, हे त्या एका कागदावरून सांगता येणार नाही. म्हणूनच या सर्वेक्षणात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या ‘कवच एलायझा’वर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या कंपनीच्या चाचणीवर पुन्हा तपासायचे, अशी पद्धत ठेवलेली होती. तीच चाचणी, त्याच अचूकतेने, मुंबईतल्या दाट वस्तीत केली, जिथे निम्म्या लोकांना लागण होऊन गेली आहे, तर शंभरातले एखादेच पॉझिटिव्ह उत्तर खोटे निघेल.

हे गणित मी अगदी सुरुवातीला मांडतो आहे, कारण नव्या विषाणूजन्य आजाराच्या निदानाबद्दल लिहिताना सगळे लक्ष यंत्राकडे जाते. कोणते यंत्र, कोणत्या देशातले, किती वेळात उत्तर देते, किती रुपयांत. ही माहिती हवीच, आणि पुढच्या पानांत ती येते. पण तीच चाचणी कोणाची केली, आजाराच्या कितव्या दिवशी केली, नमुना कोणी आणि कसा घेतला, तो कुठून कुठे गेला, यावर उत्तराचा अर्थ बदलतो. बीडसारख्या जिल्ह्यात तर तो फारच बदलतो. म्हणून या विषयाची ओळख मला बीडवरून करून द्यायची आहे.

जानेवारी २०२० मध्ये भारतात या विषाणूची खात्रीची तपासणी करणारे ठिकाण एकच होते, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून ती सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. नवा विषाणू ओळखणे हे तिचे नेहमीचे काम. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ आली असताना रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू तिथल्या संशोधकांच्या हाती लागला. ज्या भागातून नमुने आले त्याचे नाव त्याला दिले गेले, चांदीपुरा. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला कोरोना रुग्ण केरळात नोंदला गेला, तो पुण्यातल्या तपासणीवरून. त्याआधी तीनच आठवडे चीनमधल्या शास्त्रज्ञांनी या विषाणूची जनुकीय रचना जगासाठी खुली केली होती, आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने त्यावरून तपासणीची पद्धत बांधून जानेवारी संपायच्या आत प्रसिद्ध केली होती. विषाणू हातात नसतानाही त्याची चाचणी तयार करता येते, हे जगाने इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच पाहिले.

ही चाचणी म्हणजे आरटी-पीसीआर. कोरोनाच्या काळात हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येत होता, पण आत काय घडते हे फार थोड्यांना सांगितले गेले. या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनएचे असते. पहिल्या टप्प्यात एका विकराच्या मदतीने त्याची डीएनए प्रत करतात. मग त्या नळीतला द्रव सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवायचा आणि सुमारे ६० अंशांवर आणायचा, असे चाळीसेक वेळा. दर फेरीत आपल्याला हव्या असलेल्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. दहा फेऱ्यांत एकाचे हजार, तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी. केरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेली ही कल्पना. १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. इतक्या उष्णतेत टिकणारा विकर मिळाला तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूपासून. प्रती वाढतील तसा चकाकणाऱ्या रंगद्रव्याचा प्रकाश वाढतो आणि संगणकाच्या पडद्यावर सपाट चाललेली रेघ एका फेरीपाशी वर उचलते. ती फेरी म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू जास्त असेल तर रेघ लवकर उठते, कमी असेल तर उशिरा.

त्या पडद्यावर रुग्णाच्या नमुन्याची आणखी एक रेघ असते आणि सामान्य वाचकाला ती माहीत नसते. ती विषाणूची नसते, माणसाची असते. आरनेज-पी नावाचे मानवी जनुक प्रत्येक नमुन्यात शोधले जाते. ती रेघ उठली तर नमुन्यात माणसाच्या पेशी आल्या आहेत, म्हणजे नाका-घशातून नमुना घेणारी काडी योग्य जागी पोचली होती. ती उठलीच नाही तर नमुना घेणाऱ्याने काडी नाकपुडीच्या दारावरच फिरवून नळीत टाकली असावी किंवा वाटेत काहीतरी बिघडले असावे. अशा नमुन्यावर ‘निगेटिव्ह’ लिहिणे ही घोर चूक आहे; तो नमुना पुन्हा घ्यावा लागतो. मला ही दुसरी रेघ फार महत्त्वाची वाटते. अहवालावर जो शब्द येतो त्याच्या मागे पीपीई किटमध्ये घामाने निथळणाऱ्या, मराठवाड्याच्या मे महिन्यात दिवसभर उभ्या असलेल्या कोणा तंत्रज्ञाचा हात असतो, आणि यंत्र आधी त्या हाताची परीक्षा घेते.

काडी साध्या कापसाची चालत नाही. कृत्रिम धाग्याची लागते, कारण कापूस आणि लाकडी काडी यांतले पदार्थ पीसीआरमध्ये अडथळा आणू शकतात. नमुना घेतल्यावर ती व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या, नळीत टाकायची, टोक मोडायचे, झाकण घट्ट लावायचे, नळीवर नाव आणि क्रमांक, मग तिहेरी वेष्टन, मग २ ते ८ अंश तापमानाचा बर्फाचा डबा. आणि मग गाडी. इथे बीडचा प्रश्न सुरू होतो.

सुरुवातीला महाराष्ट्रात तपासणी होती ती पुणे, मुंबई आणि नागपूरला. बीडहून पुणे दोनशे किलोमीटरच्याही पुढे. नंतर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय झाली, तरी सव्वाशे किलोमीटर राहिलेच. बीड शहरात तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली २०२५ च्या सप्टेंबरात. चाचणीला पाच-सहा तास लागतात हे प्रयोगशाळेतले वास्तव. पाटोदा किंवा शिरूर कासारच्या एखाद्या वाडीवरच्या माणसासाठी ती वेळ स्वॅब घेण्याच्या केंद्रापर्यंत पोचण्यापासून सुरू होत होती आणि फोनवर निरोप येईपर्यंत संपत नव्हती. तोवर तो संशयित. तोवर घरचे, शेजारचे आणि त्याला गाडीवर बसवून आणणारा पुतण्या, सगळेच संशयित.

अशा वेळी ऊसतोड मजूर परतू लागले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडच्या डोंगरपट्ट्यातून लाखो माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परत येतात. २०२० मध्ये टाळेबंदीने त्यांना कारखान्यांवरच अडकवले. १७ एप्रिलला राज्य शासनाने परतीला परवानगी दिली, तेव्हा राज्यभरातल्या कारखान्यांवरच्या निवाऱ्यांत सव्वा लाखाहून अधिक मजूर थांबलेले होते. आरोग्य तपासणी करूनच त्यांना सोडायचे होते. तपासणी म्हणजे विचारपूस आणि कपाळावर रोखलेली थर्मल गन. एवढ्या माणसांची आरटी-पीसीआर करण्याची ताकद तेव्हा राज्यात नव्हती, हे खरे. पण थर्मल गन फक्त ताप मोजते. लागण झाल्यानंतरचे पहिले काही दिवस ताप नसतो, कित्येकांना तो शेवटपर्यंत येत नाही. गावांनी आपल्या परीने मार्ग काढला : शाळेत, शेतात, शिवारातल्या कोपीत आलेल्यांना ठेवले. ज्यांनी सहा महिने फडात काढले त्यांनी गावाच्या वेशीपाशी येऊन आपल्याच घराकडे लांबून पाहायचे, असे दिवस काढले. खात्रीची चाचणी हाताशी असती तर त्यातले बहुतेक जण दोन दिवसांत घरी गेले असते. निदानाच्या अभावाची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती मोजतो तो नेहमी ज्याच्या गाठीला काही नसते तो.

बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव धारण करणारी ही संस्था १९७०च्या दशकात सुरू झाली ती ग्रामीण भागाला डॉक्टर आणि उपचार मिळावेत म्हणून. २०२० मध्येच तिथे कोरोनाची आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली आणि जिल्ह्याचे नमुने जिल्ह्यातच तपासले जाऊ लागले. या घटनेला बातमीत चार ओळी मिळाल्या असतील. माझ्या दृष्टीने जिल्ह्याच्या आरोग्याच्या इतिहासातला तो मोठा दिवस आहे. देशपातळीवरही असेच घडत होते : जानेवारीत एक प्रयोगशाळा, जूनअखेर हजाराच्या वर. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा नमुन्यांचा सगळा भार मोजक्या प्रयोगशाळांवर पडला होता आणि रुग्णालयांसमोर रांगा लागल्या होत्या. त्या अनुभवानंतर विषाणू निदान प्रयोगशाळांचे जाळे उभारण्याचे काम सुरू झाले नसते, तर २०२० मध्ये ही वाढ इतक्या वेगाने झाली नसती.

किटचेही तसेच. १८ मार्च २०२० ला पुण्याच्या मायलॅबमधल्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी आपले आरटी-पीसीआर किट तपासणीसाठी सादर केले आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रसूत झाल्या. सहा आठवड्यांत तयार झालेल्या या किटची किंमत बाराशे रुपये होती. परदेशी किट साडेचार हजारांच्या घरात होते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र मुळात क्षयरोगासाठी वापरात आले होते. वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ते चालते, म्हणून लहान रुग्णालयांना त्याचा आधार झाला. आणि नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेतले डॉ. कृष्णा खैरनार यांनी तर काडीच काढून टाकली : मिठाच्या पाण्याने पंधरा सेकंद गुळणी करायची आणि ती नळीत थुंकायची. या पद्धतीला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ग्रामीण भागाचा विचार करून झालेले संशोधन कसे असते याचा तो नमुनाच आहे. काडी नाही, व्हीटीएम नाही, नमुना घ्यायला प्रशिक्षित हात नाही. ही पद्धत वर्षभर आधी यायला हवी होती, एवढेच म्हणतो.

जून २०२० च्या मध्यात रॅपिड अँटिजेन चाचणीला मान्यता मिळाली. अर्ध्या तासात उत्तर, यंत्राची गरज नाही. ही चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते. प्रती वाढवत नाही, त्यामुळे विषाणू भरपूर असेल तेव्हाच तिला तो दिसतो. आयसीएमआरने स्वतःच जाहीर केले होते की बाधितांना ओळखण्याची तिची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के आहे, आणि बाधित नसलेल्याला तसे सांगण्याची क्षमता ९९ टक्क्यांच्या वर. म्हणजे अँटिजेन पॉझिटिव्ह आली की माना. निगेटिव्ह आली आणि ताप-खोकला आहे, तर आरटी-पीसीआर कराच, असा नियम होता. त्या पावसाळ्यात बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या शहरांत व्यापाऱ्यांच्या अँटिजेन चाचण्यांची मोहीम झाली, ती या चाचणीचा चांगला उपयोग होता : दिवसभरात शेकडो माणसांच्या संपर्कात येणारे लोक एकदम तपासायचे आणि सर्वाधिक विषाणू पसरवणारे लगेच बाजूला काढायचे. चूक झाली ती नियमाचा दुसरा भाग विसरल्याने. निगेटिव्ह चिठ्ठी खिशात घालून लग्नाला जाणारे आपण सगळ्यांनी पाहिले.

प्रतिपिंडांच्या रॅपिड चाचणीने तर सरकारलाच तोंडघशी पाडले. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आलेले किट राज्यांना वाटले गेले आणि निकालांत एवढी तफावत निघाली की २७ एप्रिलला ते परत पाठवायला सांगावे लागले. किट निकृष्ट होते हा एक भाग. पण चालू आजार ओळखण्यासाठी प्रतिपिंडांकडे जाणेच चुकीचे होते. गोदाकाठच्या गावात पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते. पाणी कुठवर चढले होते हे ती सांगते, नदीला आत्ता पाणी किती आहे हे नाही. प्रतिपिंडांचेही तसेच; ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. मात्र किती जणांना होऊन गेले हे मोजायचे असेल तर त्यांच्यासारखे साधन नाही. मे-जूनमध्ये देशातल्या प्रौढांत ०.७३ टक्के असलेले प्रमाण वर्षभराने, जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत, मुलांसह तपासलेल्या लोकांत ६७.६ टक्क्यांवर गेले होते. त्या सगळ्या फेऱ्यांत तेच जिल्हे पुन्हा पुन्हा तपासले गेले, म्हणजे देशाचा हा आलेख काढायला बीडच्या गावांतल्या माणसांनीही दर वेळी दंड पुढे केला आहे.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आरटी-पीसीआरचे अहवाल अनेक ठिकाणी दिवसचे दिवस अडकले आणि लोक छातीच्या सीटी स्कॅनकडे वळले. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी अठरा. हा स्कोअर फुप्फुस किती खराब झाले ते सांगतो. विषाणू सांगत नाही, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत काहीच सांगत नाही. उपचाराची दिशा ठरवायला तो डॉक्टरांच्या कामाचा होता. तापाच्या पहिल्याच दिवशी शहरात जाऊन हजारो रुपये खर्चून आलेल्या शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता. खासगी आरटी-पीसीआरचा दर तोवर राज्य शासनाने ५०० रुपयांवर आणला होता. स्वस्त चाचणी उशिरा मिळत होती म्हणून माणसे महाग आणि चुकीच्या चाचणीकडे गेली.

सीटी व्हॅल्यूचाही त्याच काळात गोंधळ झाला. पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का, अशी विचारणा महाराष्ट्राने केली. आयसीएमआरने नकार दिला, आणि योग्य केले. आकडा २४ धरला असता तर संसर्ग पसरवू शकणारी पुष्कळ माणसे कागदावर निरोगी ठरली असती. शिवाय तो आकडा माणसाच्या आजाराचे तापमापक नाही. काडी नीट फिरली नाही, डब्यातला बर्फ वितळला, नमुना आजाराच्या दहाव्या दिवशी घेतला, तरी तो वाढतो.

आता अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेकडे परत येतो, कारण या पुस्तकाचे प्रयोजन तिथे आहे. कोरोनाची गर्दी ओसरली. पीसीआरची यंत्रे मात्र एका विषाणूपुरती नसतात. प्रायमर, म्हणजे हव्या त्या जनुकीय तुकड्याला चिकटणारा छोटा धागा, बदलला की तेच यंत्र इन्फ्लुएंझा, डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका शोधते. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, तो तापाच्या साथीचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासले गेले म्हणून. बेलसर पुण्यापासून जवळ आहे. तोच रुग्ण बीडमधल्या बालाघाटाच्या डोंगरात असता, तर ‘व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल’ यापलीकडे त्याला नाव मिळाले असते का, याचा विचार आपण करायला हवा. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने आपली जनावरे नेली. तिथेही गाठींच्या खपल्यांवरून पीसीआरनेच निदान होत होते. ज्याच्या दावणीचा बैल गेला त्याला खात्रीचे निदान लवकर मिळण्याचे मोल सांगावे लागत नाही.

यंत्र आणण्यासाठी संकटात पैसा मिळतो. ते चालू ठेवायला दरवर्षी अभिकर्मके लागतात, देखभालीचा करार लागतो, अखंड वीज लागते आणि सर्वांत आधी कायम नेमणुकीवरची माणसे लागतात. २०२० मध्ये राज्यभर कंत्राटावर घेतलेल्या तंत्रज्ञांनी जे शिकून घेतले ते कौशल्य त्यांच्याबरोबर निघून जाऊ देणे हा मला आजचा सर्वांत मोठा धोका वाटतो. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करता येते. नमुना हातात घेताच तो नीट आहे की नाही हे ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षे जातात.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक चाचणीचे तत्त्व, नमुना घेण्याची पद्धत, साठवण, वाहतूक आणि अहवालाचे वाचन सविस्तर दिले आहे. ते मुख्यतः आरोग्यसेविका, आशाताई, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. पण सरपंच, शिक्षक आणि गावातल्या पत्रकारांनीही ते वाचावे, अशी माझी विनंती आहे. हातात अहवाल आला की तीन गोष्टी विचारा : चाचणी कोणती, नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, आणि तो किती तासांनी प्रयोगशाळेत पोचला. आणि जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आपला लोकप्रतिनिधी बसणार असेल तेव्हा चौथी गोष्ट त्याला विचारा : अंबाजोगाईच्या विषाणू प्रयोगशाळेला यंदा किती निधी दिला आणि तिथली किती पदे भरलेली आहेत.